हातात काकणं नव्हती

बोगद्याचा कॅम्प, हिमाचल
२० ऑक्टोबर २०२४

दीपाली,

आणि वर संशयी कोण, तर मी! फोन तू आपटलास. ‘तुमचं डोकं फिरलंय’ हे पण तूच म्हणालीस, आणि ते स्पीकर चालू असताना. मागं शेजारची मैनाकाकी हसली ती मला इथं डोंगरात ऐकू आली. म्हणून आता लिहूनच विचारतो. कॅम्पात रेंज नाही, रविवारी खाली बाजारात उतरलो की चार शब्द बोलायचे, तर आई फोन पडवीत ठेवून सगळ्या वाडीला ऐकवते. कागदाला स्पीकर नसतो. मी लिहीन, तू वाचशील, तिसऱ्याचं काम नाही.

तर परत विचारतो. दसरा झाल्यावरच्या सोमवारी सकाळी पावणेसातला तू तिठ्यावर काय करत होतीस?

कुणी सांगितलं ते विचारू नकोस. विचारणारच, म्हणून सांगून टाकतो. वरच्या वाडीतला ओमकार. आम्ही एकाच ड्रिलवर आहोत, तो दसऱ्याला घरी गेला होता, परवा परत आला. बॅग ठेवायच्या आधी विचारतो, “रित्या, वहिनी परत कामाला लागली का रे?” मी म्हटलं, नाही बुवा. मग म्हणतो, “काजूला जात नसेल. हातात डबा होता, केस नीट विंचरलेले होते. पण काकणं नव्हती हातात.” हे शेवटचं तो हळू बोलला. बोगद्यात शेजारच्याच्या कानात ओरडावं लागतं, आणि हा तेवढंच हळू बोलला. त्या हळू बोलण्याचा मला जास्त राग आला.

आता तूच सांग. लग्न झालेली बाई काकणं काढून सकाळी गाडीची वाट बघत उभी राहते, तर नवऱ्यानं काय समजायचं?

काजू फोडायला जात असतीस तर मला कळलंच असतं. बायच्या उष्टावणाचा फोटो मी मोठा करकरून बघितला. तुझा भाऊ खीर भरवतोय, बाजूला तुझा हात आहे. बोटं स्वच्छ. काजू फोडणाऱ्या बाईची बोटं मला शिकवायला नकोत. लग्नात तुझ्या बोटांवर मेंदी काढली ती दिसलीसुद्धा नव्हती, इतका त्या चिकाचा काळा रंग बसला होता. माझी आत्या म्हणाली होती, हिला मेंदी कशाला लावली. तेव्हा काजूत तू नाहीस, हे हातावरून कळतं. फोटोत काकणं आहेत आणि तिठ्यावर नाहीत. मग कुठं जातेस?

गणपतीत अकरा दिवस आलो तेव्हा बोलणं झालं होतं. बाय दोन वर्षांची होईपर्यंत तू घरी. आपल्या मनस्वीला आई मिळाली पाहिजे, पैसे मी आणतो. तू मान हलवली होतीस. ती मान कशाला हलवलीस ते लिही.

रितेश


२ नोव्हेंबर २०२४

अहो,

पत्र मिळालं. पोस्टमन म्हणाला, हिमाचलचं पत्र मी पहिल्यांदाच वाटतोय. मैनाकाकीनं विचारलं, काय लिहिलंय. मी सांगितलं, तब्येत बरी आहे.

त्या सोमवारी बायला डोस द्यायला उपकेंद्रात जायचं होतं. तिठ्यावरून जीपगाडी मिळते म्हणून उभी होते. डबा होता कारण तिथं वेळ लागतो. काकणं दिवाळीला नवी भरायची म्हणून जुनी वाढवली होती. यात ओमकार भावोजींनी हळू बोलण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही.

दिवाळी बरी चाललीय. चिवडा आईंनी खारट केला. बाय आता पोटावर सरपटते, पडवीच्या कडेपर्यंत जाते आणि खाली कोंबड्यांकडे बघून ओरडते. तुमचा फोटो दाखवला तर मोबाइल तोंडात घालते.

थंडीचं जपा.

दीपाली


१७ नोव्हेंबर

दीपाली,

एक गोष्ट मी मुद्दाम लिहिली नव्हती. ओमकार म्हणाला होता, वहिनी एकटी होती. कडेवर पोर नव्हतं. आता सांग, डोस कुणाला दिलास? डब्याला?

मी सातवीत शाळा सोडली म्हणून मला काही कळत नाही असं समजू नकोस. बोगद्यात दगड फुटायच्या आधी बारीक आवाज देतो, त्या आवाजावर इथं माणसं जगतात. तुझ्या पत्रातून तसाच आवाज येतोय. डोसाचं लिहिलंस, काकणांचं लिहिलंस, सगळ्या प्रश्नांना उत्तरं बरोब्बर दिलीस. खरं बोलणारा माणूस एवढी बरोबर उत्तरं देत नाही, तो मधे एखादी शिवी देतो.

आता तुझ्याशी बोलणं नाही. आईला विचार आणि आई काय सांगते ते लिहून पाठव. आईला लिहिता येत नाही, म्हणजे पत्र तुझ्याच अक्षरात येणार, हे मला माहीत आहे. आईच्या नावावर तू काहीपण लिहिशील. म्हणून आईला एक विचार. मी पाचवीत असताना राजाभाऊंच्या बागेत काय झालं होतं? ते तिला आणि मला, दोघांनाच माहीत. ते बरोबर आलं तरच पुढचं वाचीन. नाहीतर पत्र शेकोटीत.

ओमकार रोज विचारतो, वहिनीचं पत्र आलं का. मी त्याच्याशी बोलणं कमी केलंय.

रितेश


१ डिसेंबर

चि. रितेश यास आई चिमा हिचे आशीर्वाद. एवढंच मी माझ्या मनानं लिहिलं. इथून पुढं आई सांगतात तसं लिहितेय. त्या पडवीत बसल्यात, बाय मांडीवर आहे. एकही शब्द माझा नाही. दीपाली.

रे रित्या. बायकोला काय इचारतंस, मना इचार. मी सांगतंय. लिव गो, थांबू नको, सगला लिव.

पयली तुजी परीक्षा. पाचवीत तू राजाभाऊंच्या बागेत वले काजू चोरलंस. गनपतीपुल्याला येनाऱ्या पावन्यांना इकनार होतास, मोठा यापारी. चिक लागला नि तोंड, हात सगला सुजून सोललेल्या बटाट्यासारका झालंस. राजाभाऊ दारात आले तवा मी सांगितलं, पोराला गोवर आलाय, जवल येव नका. आट दिस तुला कांबल्यात लपवला. शालेत पन गोवरच सांगितला. झाली खात्री? का मीच तुजी आय हाय का नाय ते पन इचारनार हायस?

आता आयक. दीपालीला कामावर मी धाडली. तू गनपतीचा गेलास नि तिसऱ्या दिवशी राजाभाऊ सोता आले. त्यांनी आता कारखाना वाढवलाय. फोडायला नको म्हनाले, टेबलावर पायजे. निवडायला. सोललेला गर समोर येतो, ही नुसती बगते नि सांगते, हा अक्खा, ही पाकली, हा डागी. दुसरीला दोनदा बगावं लागतं. म्हयन्याचा पगार हाय, रोज नाय. हातात मोजे, डोक्याला टोपी, म्हनून बोटं काली नाय. नि काकनं तिकडं चालत नाय. फुटली नि काच गरात गेली तर खानाऱ्याच्या पोटात जाईल, म्हनून दारातच हात बगतात. रोज सकाली तिच्या हाताला साबन लावून काकनं मी उतरतंय, सांजच्याला मीच चढवतंय. तुजा ओमकार हलू बोलला काय! त्याला सांग, काकी मोट्यानं बोलते.

बायला मी सांबालतंय. पेज भरवतंय, झोपवतंय. मना काय धाड भरली नाय.

तू का रागावतंस ते मना म्हायत हाय. तुजा बापूस पन असाच. मी चिरेखानीवर कामाला जायची. तू झालंस नि तो ममईवरनं बोलला, आता घरी बस, मी धाडतो पैसे. धाडायचा, नाय असं नाय. पन धाडायचा मामंजींच्या नावावर. माज्या हातात कोपरापातूर काकनं होती रे, नि एक रुपाया नव्हता. तुला ताप आला तर मामंजी जेवून उटायची वाट बगायची, उपाशी मानूस चिडतो म्हनून. एकदा ते जेवले नि तसेच झोपले. मी उंबऱ्यात तुला घेवून उबी. उटवायची हिंमत झाली नाय. दोन तास उबी होतंय. तू झटके द्याला लागलंस तवा शेजारनीनं दहा रुपये दिले.

ही पोर तशी उबी राहनार नाय. मी जिती हाय तोवर नाय.

तुला सांगितलं नाय कारन तू भांडतंस. आता सांगितलं. भांड.

आई उठल्या. म्हणाल्या, खाली तुझं काय लिहायचं ते लिही, मी ऐकत नाही. माझं एवढंच. डोसाचं खोटं लिहिलं ती माझी चूक. मान हलवली तीसुद्धा. त्या वेळी तुमची गाडी सुटायला दोन तास होते, भांडून जाऊ द्यायचं नव्हतं.

दीपाली


१५ डिसेंबर

दीपाली,

पत्र आईचंच आहे. सोललेल्या बटाट्यासारखा हे दुसरं कुणी म्हणणार नाही. पण आईला एवढं बोलायला कुणी बसवलं हा प्रश्न राहतोच. तुम्ही दोघी मला सांगायचं काय आणि लपवायचं काय हे पडवीत बसून ठरवता, आणि मी रविवारी फोन केला की ‘सगळं बरं आहे’ म्हणता. तीन महिने! तीन महिने मी बाजारात उभा राहून, एका कानावर हात ठेवून, खोटं ऐकतोय.

झटक्यांचं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. ते मी दोनदा वाचलं. पण मी माझ्या बापासारखा नाही. मी पैसे आजोबांच्या नावावर पाठवत नाही, आईच्या खात्यावर पाठवतो.

हे लिहिल्यावर मला कळलं की तुझ्या खात्यावर पाठवत नाही. ते राहू दे. तो वेगळा विषय आहे.

मला सांग, तू पगार आणणार, आई पोर सांभाळणार, घर चालणार. मग मी इथं कुणासाठी डोंगराला भोक पाडतोय? इथं पहाटे पाण्याची टाकी गोठते, हातोड्यानं बर्फ फोडून तोंड धुतो. ते मी सहन करतो कारण घरात एक पोर आहे आणि तिचं माझ्यावाचून अडतं, असं मला वाटत होतं. अडत नसेल तर सांगा, मी अजून लांब जातो. एक पंजाबी ठेकेदार अरबस्तानात माणसं नेतोय.

आणि तो राजाभाऊ. स्वतः घरी कशाला आला? माणूस पाठवता आला नसता? बागवाला एवढा उन्हात चालत येतो म्हणजे त्याला नजरेची पारख असणारी बाई पाहिजे, का आणखी काय पाहिजे? मी विचारणार. मला विचारायचा हक्क आहे.

आईला संध्याकाळी पायऱ्या दिसत नाहीत, हे तुला माहीत आहे. बाय आता रांगते. एक तारखेपासून काम बंद कर. हे शेवटचं सांगतोय.

रितेश


२९ डिसेंबर

अहो,

काम बंद करणार नाही.

आधी राजाभाऊंचं. ते अडुसष्ट वर्षांचे आहेत आणि त्यांची बायको आनंदीबाई त्या दिवशी त्यांच्याबरोबर आल्या होत्या. टेबल त्याच बघतात, कारखान्यात आमच्यावर नजर ठेवतात आणि एक डागी गर अख्ख्यात गेला तर सगळ्यांसमोर नाव घेतात. तुम्ही विचारलंत, मी सांगितलं. आता परत विचारू नका. दुसऱ्यांदा विचारलंत तर मी उत्तर देणार नाही, आणि त्याचा अर्थ काय लावायचा तो लावा.

तुम्ही मुंबईला कॅन्टीनमध्ये होतात, मुकादम शिव्या देतो म्हणून सोडलंत. लोट्याला केमिकलच्या कारखान्यात शिफ्टला होतात, वास सहन होत नाही म्हणून सोडलंत. मग मासेमारीच्या बोटीवर, मग जेसीबीवर, मग गोव्याला हॉटेलात, आता बोगदा. सहा कामं. एकदाही कुणी विचारलं नाही की कुणाला विचारून सोडलंस. आई म्हणायच्या, पोराचा पाय घरात ठरत नाही. बस्स, विषय संपला. मी सहा वर्षांत एकच काम केलं आणि ते सोडायचं का, यावर तुम्ही, तुमची आत्या, मैनाकाकी आणि वरच्या वाडीतला ओमकार असे सगळे बोलताय.

टेबलावर बसले की मला बरं वाटतं. हे मी कुणाला सांगितलं नाही कारण ऐकायला वाईट दिसतं. पोर घरी टाकून आईला बरं कसं वाटतं, असं म्हणतील. पहिल्या आठवड्यात दूध भरून यायचं, मी बाथरूममध्ये जाऊन पिळून टाकायची आणि रडायची. ते पण खरं. पण परत येऊन टेबलावर बसले की डोळे आपोआप चालायला लागायचे. या एका गोष्टीत मला कुणी चूक काढू शकत नाही. घरात मी सून आहे, वहिनी आहे, बायची आई आहे. टेबलावर मी दीपाली आहे.

तुमचं अडतं की नाही विचारलंत. बाय तुमच्या पैशानं मोठी होतेय, हे मी नाकारत नाही. पण तुम्ही नुसते पैसे आहात का, हे तुम्हीच सांगा. अरबस्तानात जायचं असेल तर जा. मी तिठ्यापर्यंत सोडायला येईन.

दीपाली


१९ जानेवारी २०२५

अहो,

तीन आठवडे झाले, तुमचं पत्र नाही, रविवारी फोन नाही. राग असेल. तरी कळवणं भाग आहे.

परवा संक्रांत झाल्यावर तिसऱ्या दिवशी आई बायला कडेवर घेऊन विहिरीकडून येत होत्या. पायरीच्या शेवटच्या चिऱ्यावर पाय सरकला. बायला त्यांनी डाव्या हातानं वर धरली आणि स्वतः उजव्या हातावर आपटल्या. बायला ओरखडासुद्धा नाही. आईंचं उजवं मनगट मोडलं. रत्नागिरीला नेऊन प्लास्टर घातलं. सहा आठवडे ठेवायचंय, आणि डॉक्टर म्हणाले, यापुढं मूल उचलायचं नाही.

आई रडल्या नाहीत. वाटेत एवढंच म्हणाल्या, “त्याला कलवू नको.” मी कळवतेय. लपवायचं एकदा झालं ते पुरे.

मी घरी आहे. आनंदीबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, जागा शिमग्यापर्यंत ठेवते. शिमगा झाला की नवा काजू यायला लागेल, तेव्हा टेबल रिकामं ठेवता येणार नाही. त्यांचंही बरोबर आहे.

तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं, असं लिहायचं असेल तर लिहा. पण एका ओळीत लिहा, वाचून मी लगेच ठेवून देईन. बायला मांडीवर घेऊन लांब पत्र वाचता येत नाही, ती कागद खाते.

दीपाली


३० जानेवारी

दीपाली,

ती ओळ लिहिली होती. लिहून फाडली. परत लिहिली, परत फाडली. हे तिसरं.

खरं सांगतो, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, मनगट मोडलेलंच नाही. मला घरी बोलवायला तुम्ही दोघींनी रचलंय. मग वाटलं, मनगट मोडलंय, पण पडली ती विहिरीवर नाही, दुसरंच काहीतरी आहे. काल बाजारात उतरलो, तू टाकलेला फोटो उघडला. मोठा करून बघितला, कुठं खोटं सापडतं का. आई हसतेय, प्लास्टर मांडीवरच्या उशीवर आहे. बाय त्या प्लास्टरवर चमचा आपटतेय. खोटं काही सापडलं नाही. आईचे केस मागच्या गणपतीपेक्षा पांढरे आहेत एवढं सापडलं.

मी फोन लावला, मग कापला. स्पीकर असेल म्हणून.

मैनाकाकी नाही का बघणार? दिवसभर पडवीत बसून असते, दुसऱ्यांचे फोन ऐकते, तेवढ्यात पोर बघता येईल. नाहीतर तुझी आई? नाहीतर पाळणाघर असतात म्हणे. राजाभाऊंच्या कारखान्यात बायका पोरं कुठं ठेवतात? काहीतरी असेलच. तू नीट विचारलं नसशील. किंवा विचारलं असशील आणि मला सांगत नसशील, म्हणजे उत्तर एकच उरावं.

मी इथं मार्चअखेर बावीस हजारावर जाणार होतो. ड्रिलचा हेल्पर होतो, आता ड्रिल हातात देणार म्हणालेत. पहिल्यांदाच एखाद्या कामात वर चढायची वेळ आली. आणि नेमकं आत्ता.

मी तुला काम सोड म्हणत नाही. या पत्रात तरी म्हणत नाही. पण माझं सोड असं तू म्हणशील याची मी वाट बघतोय, आणि तू म्हणत नाहीस, त्याची मला जास्त भीती वाटते.

रितेश


१० फेब्रुवारी

अहो,

मैनाकाकीला विचारलं. ती म्हणाली, तासभर बघीन, दिवसभर नाही, माझी गुरं कोण बघणार. माझ्या आईकडे माझ्या भावाची दोन आहेत. पाळणाघर रत्नागिरीत आहे, इथून दोन गाड्या बदलून जायचं, बायला घेऊन पहाटे पाचला निघावं लागेल. कारखान्यातल्या बायका पोरं सासूकडे ठेवतात, ज्यांना सासू नाही त्या येत नाहीत. हे सगळं विचारून झालं, आज नाही, पडल्याच्या दुसऱ्या दिवशीच. तुम्हाला खोटं वाटत असेल तर ओमकार भावोजींना पाठवून चौकशी करा.

तुमचं सोडा असं मी म्हणत नव्हते कारण मला ते ऐकून घ्यायचं नव्हतं. जन्मभर. ‘तुझ्यासाठी ड्रिल सोडलं’ असं. तुम्ही मला सोड म्हणालात तेव्हा मला किती राग आला ते मला माहीत आहे, तोच मी तुम्हाला कसा देऊ?

पण तुम्ही भीती लिहिलीत, म्हणून मी पण लिहिते. या म्हटलं तर याल, आणि तीन महिन्यांत तुमचा पाय परत हलायला लागेल, याची मला भीती वाटते. पोर म्हणजे कॅन्टीन नाही. मुकादम शिव्या देतो म्हणून सोडता येत नाही, आणि ही रात्री दोन वेळा शिव्या देते. म्हणून विचारते. सहा कामांसारखं सातवं म्हणून येणार असाल तर येऊ नका. मी टेबल सोडते, तुम्ही ड्रिल धरा, आपण त्यातून पण जगू. पण येणार असाल तर वर्षभर तरी. आणि वाडीत मी खोटं सांगणार नाही की बोगदा बंद पडला. विचारलं तर सांगणार, ते पोर सांभाळायला आलेत.

आईंना मी हे वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “तो दाडी ठेवतो का अजून? बाय दाडीवाल्याला बगून रडते. पोस्टमनला बगून पन रडते.”

शिमगा तेरा मार्चला आहे.

दीपाली


२१ फेब्रुवारी

दीपाली,

हा बेत तुझा पहिल्या दिवसापासून होता का, हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. असेल तर सांगू नकोस. नसेल तर पण सांगू नकोस, माझा विश्वास बसणार नाही.

ठेकेदाराला सांगितलं. तो म्हणाला, “घर में कौन मर गया?” मी म्हटलं, कुणी नाही. “तो फिर?” मला हिंदीत सांगता येईना. मराठीत तरी कुठं येतं. म्हटलं, बेटी है. त्यानं मान हलवली, त्याला वाटलं पोर आजारी आहे. मी तसंच राहू दिलं. वाडीत खोटं नाही बोलणार, पण इथं एक बोललो, ते मोजू नकोस.

ओमकारला मात्र खरं सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे वहिनी कमावणार आणि तू...” पुढचं हळू बोलायला लागला तेव्हा मी म्हटलं, मोठ्यानं बोल. मग बोललाच नाही. जेवताना स्वतःची भाजी मला वाढली. त्याची बायको पण शिवणक्लासला जायचं म्हणते आहे, हे तेव्हा कळलं.

शिमग्याला येतो. शिमग्याला सगळेच येतात, मुंबईचे, पुण्याचे, गोव्याचे, त्यात मी पण उतरेन, कुणी काही विचारणार नाही. पालखी घरी येईल, नाचवू, पोळ्या खाऊ. मग चार दिवसांनी सगळे बॅगा घेऊन तिठ्यावर उभे राहतील, आणि मी त्यांना सोडायला बायला कडेवर घेऊन येईन. गाडी जाईल आणि मी परत फिरेन. तेव्हा वाडीला कळेल ते कळेल. तोपर्यंत तू कुणाला काही सांगू नकोस. विचारलं तर सांग, पण आपणहून नको. एवढं तरी माझं ऐक.

वर्षभर म्हणालीस. मी वर्ष लिहून देतो. कुठलंही काम मी एक वर्ष पुरं केलेलं नाही, हे तू मोजलंसच असशील. माझा मला भरवसा नाही, मग तुझा कसा असेल? तू रोज संध्याकाळी घरी आलीस की माझ्याकडे संशयानं बघशील, हा आज पोराला नीट बघतोय का उद्या पळतोय. बघ. मी पण चार महिने तेच केलं, आता तुझी पाळी. फक्त एक कर, विचारायचं असेल ते तोंडावर विचार, ओमकारकडून नको.

पेज कशी करायची ते मला येत नाही. आईला सांग, तिनं नुसतं बसून सांगायचं, हात लावायचा नाही. रात्रीच्या शिव्या मी ऐकून घेईन, मुकादमाच्या ऐकल्यात. दिवसा तिनं मला ओळखलं नाही तर काय करायचं, ते मात्र मला कुणाला विचारता येत नाही. मी तिच्यासोबत आयुष्यात एकूण एकवीस दिवस राहिलोय. दाढी काढली. इथं सगळे हसले, थंडीत गाल फाटले.

आनंदीबाईंना सांग, शिमग्यानंतरच्या सोमवारपासून टेबलावर येते.

पैशाचं. ठेकेदारानं मधेच सोडलं म्हणून पंधरा दिवस कापले. रजई आणि बूट ओमकारला दिले, त्याचे पैसे त्यानं दिले. तिकीट काढलं. उरले ते उद्या बाजारातल्या दुकानातून टाकतो, या वेळी आईच्या नाही, तुझ्या खात्यावर, नंबर ओमकारच्या बायकोकडून मागवला, तिनं तुला विचारला तो याच्यासाठीच. हे शेवटचे. यानंतर मी पाठवायचा नाही, तूच आणायचेस. कमी आहेत म्हणून मला फोनवर बोलू नकोस, स्पीकर असेल. दोन हजार सातशे रुपये.